कुर्लीखाऊसाठी सोडलेली ओळ

रुकय्या, परवा दुपारी तुला घरातून नेलं आणि मी दुर्बीण गळ्यात अडकवून खाडीवर गेले. लोक काय म्हणाले ते माझ्या कानावर आलंय. तुझ्या शेजारणीने तर तोंडावरच विचारलं, "आज पण पाखरां बघायला?" बायकांनी कबरस्तानात जायचं नाही हा तुमच्यातला रिवाज, आणि तू नसलेल्या तुझ्या खोलीत मला बसवेना. मग राहिली ती खाडी. तेवीस वर्षं दर बुधवारी आणि रविवारी आपण जिथे गेलो, तिथे मी गेले. परवा बुधवार होता, एवढं तरी त्या बाईच्या लक्षात यायला हवं होतं.

तू कशाने गेलीस, किती वाजता गेलीस, शाळेत किती वर्षं शिकवलंस, हे सांगणारे पुष्कळ आहेत. मला वेगळंच सांगायचंय, आणि ते तुलाच सांगायचंय. मी तुझ्याशी एकदा खोटं बोलले होते. एकदाच, पण ते पाच वर्षं पुरलं. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले आणि तू निघून गेलीस. तेव्हा आता जिथे असशील तिथून ऐक, आणि मास्तरीणबाईंच्या सवयीने मध्येच थांबवू नकोस.

आपली ओळख पोस्टाच्या खिडकीत झाली. मी आत, तू बाहेर. तू उर्दू शाळेतली बाई, हातात छत्री, आणि तुला पक्ष्यांची चित्रं असलेली तिकिटं हवी होती. पत्राला लावायला नव्हे, वर्गात पोरींना दाखवायला. मी वैतागून म्हटलं, बाई, आहेत ती घ्या, मागे रांग आहे. तू एकेक तिकीट उलटंपालटं करत मलाच विचारलंस, "ह्यातला कुठला पक्षी तुम्ही स्वतः बघितलाय?" मी म्हटलं, "कावळा." त्यात कावळा नव्हताच. तू इतक्या मोठ्याने हसलीस की आमचे पोस्टमास्तर उठून बाहेर आले. पुढच्या रविवारी तू मला राजिवड्यात बोलावलंस आणि तुझ्या घरामागच्या बांधावर नेऊन उभी केलीस. मी रत्नागिरीत जन्मले, वाढले, चाळिशी गाठली, आणि आपल्या खाडीत काय काय उतरतं ते मला त्या दिवशी कळलं.

दुर्बीण एकच होती. दाऊदभाईंनी, तुझ्या नवऱ्याने, बोटीवरची नोकरी सोडताना आणलेली, आणि वजनाला वरवंट्याएवढी. दुसरी घेता आली असती, पण आपण घेतली नाही. एकीने बघायचं, दुसरीने दहा आकडे मोजायचे, की दुर्बीण दुसरीच्या हातात. दोघींनी बघितला तरच तो पक्षी वहीत जायचा. हा नियम माझा, कारण माझ्या हाताला दोन सह्यांशिवाय कागद पुढे ढकलायची सवय नव्हती. आणि दुर्बीण माझ्या घरी, वही तुझ्या घरी, हा नियम तुझा. एकटीने गुपचूप जायची सोयच नको, म्हणालीस.

मी बोलघेवडी. दुर्बीण डोळ्याला लावली की माझा जप सुरू व्हायचा, "कुठे गो, कुठे? मला नुसता चिखल दिसतोय, कुठे?" आणि पक्षी सापडला रे सापडला की मी गप्प. तू खिदळायचीस. म्हणायचीस, "विजूला दिसला काय, ह्या विचारायला नको. तिची दातखीळ बसली की समजायचा, दिसला." मला ह्याचा राग यायचा, पण खोटं नव्हतं.

आपण भांडलोही पुष्कळ. मला मोजायला आवडायचं, किती तुतारी, किती बगळे, मागच्या रविवारपेक्षा जास्त की कमी. तू म्हणायचीस, "अगो, हजेरी घेतेस काय त्यांची? बघ नुसती." चाळीस वर्षं हजेरी घेतलेली तू हे मला सांगायचीस. गेल्या रविवारचं भांडण तर अजून तसंच लोंबकळतंय. टिटवी आपल्यावर ओरडत होती की त्या काळ्या कुत्र्यावर? तू म्हणालीस आपल्यावर, मी म्हटलं कुत्र्यावर, आणि फणकाऱ्याने फ्लास्कमधला शेवटचा चहा मी एकटीने पिऊन टाकला. तुला काय ठाऊक, तो शेवटचा. मला तरी कुठे ठाऊक होतं.

आता कुर्लीखाऊचं.

दाऊदभाईंनी मस्कतच्या किनाऱ्याला त्यांचे थवेच्या थवे पाहिलेले. काळापांढरा, लांब निळसर पायांचा, आणि चोच अशी जाड की कुर्ली नांगीला धरून आपटून खाईल. पुस्तकात त्याचं लांबलचक नाव आहे, आपण आपलं कुर्लीखाऊच म्हणत आलो. "एकदा आपल्या खाडीत पण बघितलाय," असं दाऊदभाई गळ्याला चिमटा घेऊन सांगायचे, आणि तू चहा गाळता गाळता म्हणायचीस, "दर्यावरचा माणूस, थाप मारल्याबिगर ह्यांचा चहा उतरत नाय." ते हसायचे. आठ वर्षांपूर्वी ते गेले आणि तुला तुझेच शब्द टोचायला लागले. दर थंडीला तू म्हणायचीस, "हा एक पक्षी हित दिसला की माझी वही पुरी. मग इमरान बोलवेल तिकडे जायला मी मोकळी."

इमरान तुझा एकुलता एक, मस्कतला. बायको तिथे, दोन मुली तिथे. दर शुक्रवारी फोन, दर फोनला तेच, अम्मी, ये आता. तू पक्ष्याचं कारण सांगितलंस तर म्हणाला, "अम्मी, ते पक्षी इथे ढिगाने हायत. एका दिवसात हजार दाखवतो." तू म्हणालीस, "तिथले तुझे. मना भाट्याच्या खाडीतला हवा." मी शेजारी बसून ऐकत होते आणि मनातल्या मनात त्या पक्ष्याला सांगत होते, येऊ नकोस बाबा.

पाच वर्षांपूर्वीचा जानेवारी. आदल्या दिवशी बाजारात, सुरमईच्या पाटीसमोर, तुझ्या जावेने मला सांगितलं की इमरानने तुझे कागद तयार केलेत, मार्चमध्ये तू कायमची चाललीस. तुझ्या तोंडून नाही. जावेच्या तोंडून. बाजारात. मी सुरमई न घेता घरी आले.

दुसऱ्या दिवशी खाडीवर मी तुझ्याशी एक अक्षर बोलले नाही. तूही विषय काढला नाहीस. सुकती लागली होती, पाणी उतरून चिखल उघडा पडत होता. तू दुर्बीण लावलीस आणि माझी बाही ओढलीस. "विजू, आला गो. दाऊदचा पक्षी आला." मी मोजायला विसरले होते. आणि तू, दहा कशाला, पाचसुद्धा न थांबता पट्टा स्वतःच्या मानेतून काढून माझ्या मानेत घातलास. इतकी वर्षं ज्याची वाट बघितलीस त्याला पोटभर बघितलंही नाहीस. "त्या मोडक्या खुंटाच्या डावीकडे. बघ, लवकर बघ."

मी बघितला, रुकय्या. खुंटाच्या डावीकडे, एकटाच. चोचीत कुर्ली होती आणि तो ती झटकत होता. इतका स्वच्छ दिसला की गुडघ्यापर्यंत लागलेला चिखल दिसत होता. आणि माझ्या मनात त्या क्षणी काय आलं, सांगू? हा वहीत गेला की ही गेली. बस, एवढंच आलं. त्या पक्ष्याचं कौतुक नाही, दाऊदभाई खरे ठरले ह्याचा आनंद नाही, काही नाही. मी दुर्बीण खाली केली आणि म्हटलं, "नाही दिसला."

तेवढ्यात एक होडी इंजिन फटफटवत आली आणि तो उडाला. तू बांधावर बसलीस, वही मांडीवर घेतलीस, त्या दिवशीचे पक्षी लिहिलेस. ढोकरी, तुतारी, दोन शेकाटे. मग एक ओळ कोरी सोडलीस आणि तिच्याखाली दिवस संपल्याची रेघ मारलीस. तू पाठकोऱ्या कागदावर पोरींच्या चाचण्या घेणारी बाई, ओळ कधी सोडायची नाहीस. मला वाटलं, रागाने सोडलीस.

मार्चमध्ये तू गेली नाहीस. पुढल्या साली बघू, म्हणालीस इमरानला. मग त्याच्या पुढल्या साली. पाच थंड्या गेल्या. दर थंडीला तू मला त्याच बांधावर, त्याच मोडक्या खुंटासमोर उभी करायचीस आणि म्हणायचीस, "बघ गो नीट. एकदा येऊन गेलेला परत येतो." मी नीट बघायचे. काय बघायचे ते माझं मला माहीत.

सुखाची होती ती वर्षं, हे कबूल करायला मला लाज वाटते, पण होती. माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू महिनाभर सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत औषध घालायला आलीस. ईदला तुझ्या हातचा शीरखुर्मा आणि गणपतीत माझ्याकडचे मोदक, तेही तू मोजून पाच खाणार, सहावा घरी नेणार. मी गाल फुगवून बसले की तू रिक्षा घेऊन दारात. हे सगळं मी तुझ्या नातींच्या ताटातून काढून खाल्लं. त्या पोरी त्या पाच वर्षांत केवढाल्या झाल्या आणि तू त्यांना मोबाइलवर बघितलंस, कारण मी एका पक्ष्याला नाही म्हटलं.

सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. डोळ्यांवर पट्टी होती तेव्हा एकदा धीर केला होता. तुझं तोंड दिसत नव्हतं, म्हणून बरं वाटलं. म्हटलं, "रुकय्या, त्या दिवशी खाडीवर..." तू म्हणालीस, "गप पड. बोललीस की औषध वाहून जाता." मी गप्प पडले. मला तेवढंच हवं होतं.

परवा तुला आंघोळ घालून, कफन करून पडवीत आणून ठेवलं. कापराचा वास सगळ्या घरात. बायका तुझं तोंड बघायला एकेक करून पुढे येत होत्या. तुझी आपा, तुझ्याहून सहा वर्षांनी मोठी बहीण, पावसहून आलेली, तुझ्या उशाशी बसली होती आणि येईल त्या बाईला म्हणत होती, "हिचा काय बोल्लाचाल्ला असंल तर माफ करा गो." प्रत्येक बाई म्हणत होती, माफ केला. कुणी रडत, कुणी तुझ्या कपाळाजवळ वाकून. मग माझी पाळी आली. आपांनी तेच म्हटलं. मी म्हटलं, "माफ केलं." आणि बाजूला झाले. मी तुला काय माफ करायचं होतं? जावेकडून कळलं ते? ते तर मी केव्हाच विसरले होते. माफी मला हवी होती, आणि उलट बाजूने मागायची सोय त्या रिवाजात नाही. तू काही बोलणार नव्हतीस.

त्यातच बाहेर पुरुषांचं ठरलं की इमरानसाठी थांबायचं नाही. त्याला विमान मिळालं होतं, पण घरी पोचायला रात्र झाली असती. मय्यत इतका वेळ ठेवत नाहीत. जोहरची नमाज झाली की न्यायचं. मी ते पडवीत बसून ऐकलं आणि मला वाटलं, हेही माझंच काम. तू मार्चमध्ये गेली असतीस तर हा पोरगा आज तुझ्या उशाशी असता.

जनाजा उठला, बायकांचा आवाज उठला, मग सगळं शांत झालं. मी पिशवीतून दुर्बीण काढली. ती माझ्याकडेच होती, नियमाप्रमाणे. चपला शोधत होते तर मागून आपा आल्या. तुझी वही त्यांच्या हातात. त्यांना पाखरांचं कधी कौतुक नव्हतं, तुला तर त्या म्हणायच्या, पाखरां बघून पोट भरता काय. परवा म्हणाल्या, "चल. मी हित बसून काय करू? मना दाखव, ती रोज काय बघायची."

आम्ही दोघी बांधावर जाऊन उभ्या राहिलो. सुकतीच होती. मी आपल्या सवयीने नजर फिरवली. ढोकरी होती, चार तुतारी चिखलात चोची खुपसत होत्या, शेकाटे त्यांच्या त्या लाल काटक्यांवर फिरत होते. मी आपांना नावं सांगत होते आणि त्या हूं हूं करत होत्या. त्यांचं लक्ष तिथे नव्हतं. खाडी वळते तिथल्या चढावर कबरस्तानाची भिंत दिसते, आणि भिंतीवरून पांढऱ्या टोप्या दिसत होत्या.

"तिकडे लाव," आपा म्हणाल्या.

मला तुझा दुसरा नियम आठवला. घरट्यावर दुर्बीण लावायची नाही, कुणाच्या घरात डोकावू नये. मी म्हटलं, "आपा, चालेल?"

"जायला मनाई हाय. हितून बघायला कोणी मनाई केली नाय."

मी लावली. माणसं वाकत होती आणि उभी राहत होती. मूठ मूठ माती. एक म्हातारा दोन्ही हातांनी टाकत होता. दहापर्यंत काही मला थांबवलं नाही. मी पट्टा काढून आपांच्या मानेत घातला, कसं धरायचं ते दाखवलं, आणि का कोण जाणे, तोंडाने मोजायला लागले. एक. दोन. आपा म्हणाल्या, "कुठे गो? मना नुसती झाडां दिसतात. कुठे? सगळा धूसर हाय." मी चाक फिरवून दिलं. तीन. चार. "कुठे गो विजू, मना कायच..."

आणि त्या गप्प झाल्या.

मी दहा मोजले. वीस मोजले. मग मोजायचं सोडून दिलं आणि त्यांच्याकडे बघत राहिले. ओठ मिटलेले. किती वेळाने त्यांनी दुर्बीण खाली केली, डोळे ओढणीने पुसले आणि दुसरीकडे बघत म्हणाल्या, "नाय गो. मना कायच नाय दिसला."

रुकय्या, मी बांधावर बसले. आपांना दिसलं होतं. कुठे कुठे करणारं माणूस एकाएकी गप्प झालं की त्याला दिसलेलं असतं. हे ओळखायला पक्षी बघावे लागत नाहीत, शेजारी उभं राहून त्याचं तोंड बघावं लागतं. आणि हे मला तूच चिडवत आली होतीस, तेवीस वर्षं. त्या दिवशी मीही गप्प झाले होते. खुंटाच्या डावीकडे म्हणालीस आणि मी एकदाही कुठे गो म्हटलं नाही. दुर्बीण माझ्या डोळ्यांना होती, तुझे डोळे मोकळे होते, तू माझ्या शेजारी उभी होतीस. तू पक्षी बघत नव्हतीस. माझं तोंड बघत होतीस.

म्हणजे तुला ठाऊक होतं. त्या क्षणापासून ठाऊक होतं. आणि तू ओळ सोडलीस, रागाने नव्हे. मला लिहिता यावी म्हणून. बघ गो नीट, असं दर थंडीला म्हणायचीस ते आता माझ्या कानात वेगळंच वाजतंय. चाळीस वर्षं पोरींच्या कॉप्या पकडणारी तू, मला तेवढी पकडली नाहीस. मी कबूल करेन म्हणून थांबली होतीस, की तुलाच जायचं नव्हतं आणि माझं खोटं तुला बरं पडलं, की मी एकटी पडेन म्हणून? मला राग आला तुझा. तिथे बांधावर बसून मी तुला मोठ्याने काय काय बोलले, आपांना विचार. पाच वर्षं मला आतल्या आत शिजत ठेवलीस आणि वर म्हणे, औषध वाहून जाता! बोलून झालं आणि मग मात्र मी रडले. सकाळपासून रडू आलं नव्हतं. आपा माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या.

काल सकाळी तुझ्या घरी इमरान भेटला. उजाडताच तुझ्या कबरीवर जाऊन आला होता, पायजम्याला तिथली तांबडी माती होती. केस पिकलेत गो त्याचे कानाजवळ. माझ्यासमोर खाली बसला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, "विजूमावशी, अम्मीचा काय बोल्लाचाल्ला असंल तर माफ करा."

मी म्हटलं, "थांब. आधी माझं ऐक." आणि सगळं सांगितलं. बाजारापासून खुंटापर्यंत. तुला जे पाच वर्षांत सांगता आलं नाही ते तुझ्या पोराला पाच मिनिटांत सांगितलं. संपल्यावर तो त्या मातीच्या डागावर बोट घासत राहिला.

"दरसाल मी विचारायचो," तो म्हणाला. "अम्मी म्हणायची, विजूला अजून दिसला नाय, तिला कशी टाकून येऊ. मी तुमचा राग करायचो, मावशी. माझ्या पोरी सगळ्यांना सांगतात, रत्नागिरीत एक बाई हाय, तिला एक पक्षी दिसत नाय म्हणून आमची दादी येत नाय."

"अजूनही कर राग," मी म्हटलं. "मला चालेल."

तो उठून बाहेर गेला. मला वाटलं, आता काही परत येत नाही. आत बायकांची कुजबुज चालली होती, कुणीतरी माझ्यापुढे चहा ठेवला, त्यावर साय धरली. मग तो आला. डोळे धुतलेले.

"अम्मीला ठाव होता?"

"होतं. मला परवा कळलं, पण होतं."

"मग तिला राह्यचाच होता," तो म्हणाला. हे त्याने मला सांगितलं नाही, स्वतःलाच सांगितलं, आणि ते सांगायला त्याला फार जड गेलं. आपली आई आपल्याकडे यायला तयार नव्हती, हे कुठल्या पोराला सोपं जाईल? माझ्यावर राग ठेवणं त्याला जास्त सोपं होतं. त्याने ते सोडलं. माफ केलं असं काही तो म्हणाला नाही आणि मी मागितलंही नाही.

दुर्बीण मी त्याला देऊन टाकली, रुकय्या. रागावू नकोस. त्याच्या मानेत घातली आणि सांगितलं, पोरींना ने. एकीने बघायचं, दुसरीने दहा मोजायचे. दोघींनी बघितला तरच लिहायचा. त्याने वरवंटा हातात तोलून बघितला आणि पहिल्यांदाच थोडा हसला. म्हणाला, "अब्बा ह्याच्याने आम्हाला मारायची धमकी द्यायचे."

मग आपांनी वही आणली. मी तो जानेवारी शोधला. ढोकरी, तुतारी, दोन शेकाटे, आणि खाली ती ओळ, पाच वर्षांनी कडा पिवळ्या झाल्या होत्या पण कोरी. इमरानने खिशातलं पेन काढून दिलं. वही गुडघ्यावर धरून लिहिलं, म्हणून अक्षर वाईट आलंय. तू लाल शाईने गोल केला असतास.

कुर्लीखाऊ. एक. मोडक्या खुंटाच्या डावीकडे, कुर्ली खाताना. दोघींनी पाहिला.

दाऊदभाईंना सांग, ते खरं बोलत होते. आणि टिटवी कुत्र्यावरच ओरडत होती, ते मी सोडणार नाही. वही पुरी झाली, रुकय्या. आता तू मोकळी.